गाडी नंतर घ्या, आधी वायरमन जोडा

इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचं मनात आलंय ना भाऊ? छान. मग शोरूमला जाऊ नका, आधी वायरमनला गाठा. पोरीसाठी स्थळ बघतो तशी चौकशी करा: स्वभाव कसा आहे, मुक्काम गावातच असतो का, रात्री फोन उचलतो का. कंपनीच्या पत्रकात गाडीची सगळी कुंडली असते, गावच्या डीपीबद्दल (विजेच्या ट्रान्सफॉर्मरबद्दल) मात्र एक ओळ नसते.

तशी खान्देशात विजेची काय कमी? भुसावळजवळ दीपनगरला कोळसा जळतो, साक्री तालुक्यात शिवाजीनगरचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प 2013 पासून ऊन गोळा करतो, ब्राह्मणवेलला पवनचक्क्या गरगरतात. त्यातली किती वीज आपल्या ओसरीतल्या प्लगपर्यंत पोहोचते, हे चारचौघांत विचारू नये. स्कूटरच्या बॅटरीला साधारण तीन युनिट लागतात, घरच्या चार्जरवर चार-पाच तास. तुम्ही नाहीतरी शेतीच्या विजेची रात्रपाळी असते त्या आठवड्यात पाण्याची मोटार चालू करायला दोन वाजता उठताच, त्याच फेरीत स्कूटरचाही प्लग लावून या. फेज टिकला तर कपाशीला पाणी आणि गाडीला वीज, दोन्ही कामं झाली. गेला तर दोघी उपाशी.

शहरात फ्लॅट असेल तर अजून सोपं. तिसऱ्या मजल्यावरून वायर खाली सोडा आणि सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला जाऊच नका.

उन्हाळ्याचं मात्र मनावर घ्या. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या पुढे जातो. लिथियमच्या बॅटरीला एवढी उष्णता मानवत नाही, तिचं आयुष्य घटतं. फार तापली की गाडीची यंत्रणाच चार्जिंग मंद करते नाहीतर थांबवते. म्हणून बाहेरून आल्या आल्या गाडी सावलीत घ्या आणि घरातला कूलर तिच्याकडे वळवा. आजोबा रागावतील. त्यांना समजावून सांगा. फक्त, बॅटरीला वॉरंटी आहे आणि तुम्हाला नाही, असं तोंडावर म्हणू नका.

रेंजची, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी किती जाते याची, चिंता करू नका. पत्रकातला आकडा खराच असतो, पण तो चाचणीतला. त्या चाचणीत मागे बायको, मधे पोरगं आणि पायाशी केळीचा घड नसतो. तोरणमाळचा घाटही नसतो. घाट चढताना बॅटरीचे टक्के भराभर उतरतात तेव्हा डोंगराकडे बघावं, निसर्ग सुंदर आहे. उतरताना चार टक्के परत मिळतात. गावात फक्त तेवढेच सांगायचे.

पैशांचं म्हणाल तर घाई अजिबात नको. इलेक्ट्रिक दुचाकीला बॅटरीच्या दर किलोवॉट-तासामागे (म्हणजे एका युनिटमागे) 2021 मध्ये 15,000 रुपये सबसिडी झाली, जून 2023 पासून 10,000, मग केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत 5,000, आणि 2025 च्या एप्रिलमध्ये ती 2,500 वर आली. सरकारचा हात असा आखडत असताना तुम्ही थांबाल तेवढं नुकसान वाढेल, पण पारावर बसून "आमच्या वेळी पंधरा हजार मिळत होते" असं म्हणायचा हक्क तयार होतो. हा हक्क खान्देशात गाडीपेक्षा जास्त टिकतो. (कापसाच्या भावावर आम्ही अशीच कैक वर्षं काढली आहेत.)

राहिली दुरुस्ती. गावातल्या मिस्त्रीकडे गाडी नेली तर तो आधी पेट्रोलची टाकी शोधेल, मग सीट उघडून बघेल, मग चहा सांगेल. त्याचा दोष नाही, बिचाऱ्याला कुणी शिकवलंच नाही, आणि स्क्रीनवर आलेला कोड पान्याने उघडत नाही. कंपनीला फोन लावा. "गाडी सर्व्हिस सेंटरला आणा," असं तिकडून गोड आवाजात सांगतील. सेंटर नाशिकला. बंद गाडी चालवत कशी आणायची, असा उद्धटपणा करू नका. निमूटपणे एक छोटा हत्ती टेम्पो ठरवा आणि स्कूटर त्यात दोरखंडाने बांधा. हत्ती डिझेलचाच बघा हं. इलेक्ट्रिकचा घेतलात तर मालेगावच्या पुढे त्याच्यासाठी दुसरा ठरवावा लागेल.