बदामी की श्रीखंडी

वेगासाठी घेतलेली वस्तू माणसाला किती काळ एका जागी बसवून ठेवू शकते, याचा अनुभव ज्यांना घ्यायचा असेल त्यांनी एक जुनी जेट बोट विकत घ्यावी. माझी बोट १९७६ सालची, अठरा फुटांची असून तिच्या मागच्या भागात ओल्ड्समोबिलचे ४५५ घनइंचांचे, म्हणजे आपल्या हिशेबाने जवळजवळ साडेसात लिटरचे, आठ सिलिंडरचे इंजिन झाकणाविना उघडेच बसवलेले आहे. फिनिक्समधल्या आमच्या घरासमोर ती प्रथम उभी राहिली तेव्हा पुण्याहून आईने फोनवर विचारले, "जेट म्हणजे विमानासारखी का रे?" त्यावर मी मोठ्या अभिमानाने सांगितले की ही बोट पाण्याचा झोत मागे फेकून पुढे जाते, म्हणून ती जेट. याच इंजिनाच्या डोक्यावरच्या, हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये आणखी चार जेट आहेत आणि पुढची तीन वर्षे माझा संबंध प्रामुख्याने त्या चौघांशी येणार आहे, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

हे जेट म्हणजे हरभऱ्याएवढे पितळी स्क्रू. मधोमध एक बारीक भोक आणि अंगावर एक क्रमांक. क्रमांक जितका मोठा तितके भोक मोठे आणि तितके इंजिनाला पेट्रोल जास्त. ७४ आणि ७६ या दोन क्रमांकांत फरक असतो तो जेमतेम एका केसाच्या जाडीचा, पण तेवढ्यावर बोट उडणार की बुडबुडणार हे ठरते. एका भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा हे पुस्तकी प्रमाण झाले. पूर्ण जोर काढायचा असेल तर हवा साडेबारा-तेरा भागांवर आणावी लागते. ऐकायला हे आमटीत मीठ घालण्याइतके सोपे वाटते. मात्र आमटी चाखण्यासाठी पातेल्याचे चार स्क्रू सोडवावे लागत नाहीत. होली जातीच्या कार्ब्युरेटरमध्ये जेटपर्यंत पोहोचायचे तर पेट्रोलचा फ्लोट बाउल पुढून एक आणि मागून एक असा दोनदा उतरवावा लागतो, आणि कितीही हळुवार हाताने उतरवला तरी त्यातले उरलेले पेट्रोल मनगटावरून कोपरापर्यंत येतेच. ते झेलण्यासाठी मी एकदा स्वयंपाकघरातली स्टीलची वाटी नेली होती. लग्नात आलेल्या बारा वाट्यांच्या संचात तेव्हापासून अकराच वाट्या आहेत आणि आमच्या घरात या विषयावर अजूनही पूर्ण शांतता प्रस्थापित झालेली नाही.

माझा आत्मविश्वास दांडगा होता, कारण महाविद्यालयात असताना माझ्याकडे आर एक्स १०० मोटरसायकल होती आणि तिचा एअर स्क्रू पाव-पाव आटा फिरवून, नाना पेठेतल्या मेकॅनिकप्रमाणे मान तिरकी करून आवाज ऐकण्याची विद्या मी मिळवली होती. एका सिलिंडरची ती विद्या आठ सिलिंडरना लावताना उत्तर केवळ आठपट कठीण होईल, अशी माझी समजूत होती. शिवाय मागे टाकलेल्या आणि पाण्यात मिसळून जाणाऱ्या धुराच्या गर्जनेत मान कितीही तिरकी केली तरी ऐकू येते ते एवढेच, की बायको काहीतरी ओरडून सांगते आहे. (आजकाल धुरातला प्राणवायू मोजणारा सेन्सर मिळतो, तो का लावत नाही, असे प्रत्येक शहाणा माणूस मला विचारतो. या बोटीच्या धुरात थंडाव्यासाठी पाणी सोडलेले असते आणि ते सेन्सरला लागले की तो मरतो. मी असे दोन मारले आहेत.)

तेव्हा उरला सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगचा रंग. प्लग काळाकुट्ट निघाला तर पेट्रोल जास्त, पांढरा फटक निघाला तर कमी, आणि मधला तांबूस-पिवळसर निघाला तर देव पावला, एवढे मला ठाऊक होते. आम्ही दर महिन्याला बोट ओढत हवासू सरोवरावर जातो. कोलोरॅडो नदीवरच्या पार्कर धरणाने झालेल्या या सरोवराकाठचे गाव रॉबर्ट मॅक्कलक या करवतींच्या आणि बोटींच्या इंजिनांच्या कारखानदाराने वसवले. इंजिने तपासायला त्याला पाणी हवे होते, त्यापायी त्याने अख्खे शहर उभारले, आणि पुढे १९६८ साली लंडन ब्रिज विकत घेऊन १९७१ मध्ये तो तिथे पुन्हा उभा केला. गंमत म्हणजे पूल आधी कोरड्या जमिनीवर बांधला आणि मग त्याच्याखालून कालवा खणला. इंजिनांच्या नादी लागलेला माणूस कोणत्या थराला जातो याचे इतके भक्कम उदाहरण समोर असताना मी सावध व्हायला हवे होते.

पण मी त्याच कालव्याने फसलो. सरोवरात मनसोक्त पळवून झाल्यावर आम्ही पुलाखालून परत येत असू आणि तिथे लाट उठवायला मनाई असल्यामुळे इंजिन अगदी मंद ठेवावे लागे. धक्क्याला लागल्यावर मी प्लग काढत असे आणि ते दर वेळी काळे निघत. मी जेट ८० वरून ७८ वर, ७८ वरून ७६ वर, ७६ वरून ७४ वर आणले, तरी प्लग काळेच. बोटीचा वेग मात्र दर खेपेस घटत गेला आणि इंजिन इतके तापू लागले की सेहेचाळीस अंशांच्या उन्हातही त्याच्याजवळ उभे राहवेना. अखेर बाजूच्या ट्रेलरवर बसून माझे हे अनुष्ठान दोन महिने पाहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना दया आली. त्यांच्या इंग्रजीचा मराठी भावार्थ असा, की शर्यत पळून झाल्यावर तू घोड्याला वरातीत चालवतोस आणि मग त्याचा घाम तपासतोस. मंद चालीत जमलेली काजळी मी शर्यतीच्या नावावर टाकत होतो. त्यांनी पुढे जे सांगितले त्याने माझी झोप उडाली. गाडी घाट चढली की कधीतरी उतरते आणि इंजिनाला विसावा मिळतो. पाण्यात उतार नसतो, त्यामुळे बोटीचे इंजिन न संपणारा खंबाटकी चढत असते, आणि अशा वेळी पेट्रोल कमी पडले तर पिस्टन वितळतो. पुराव्यादाखल त्यांनी गाडीतून एक पिस्टन आणून दाखवला. एरवी लोक असे पिस्टन राखदाणी म्हणून वापरतात. याला मधोमध भोक पडलेले असल्याने तोही उपयोग उरला नव्हता.

खरी पद्धत त्यांनी सांगितली ती अशी: नवे प्लग घालायचे, बोट पूर्ण वेगात सोडायची आणि त्याच वेगात इंजिन एकदम बंद करून जागच्या जागी प्लग काढायचे. जेट बोटीला सुकाणू नसते. पाण्याचा झोत वळवूनच ती वळते. इंजिन बंद म्हणजे झोत बंद, आणि झोत बंद म्हणजे हातात उरलेले चक्र निव्वळ शोभेचे. ब्रेक तर मुळातच नसतो. याचा अर्थ असा की बोट ज्या क्षणी सर्वांत जोरात पळत असेल, नेमक्या त्या क्षणी मी तिचे तोंड, पाय आणि लगाम एकदम काढून घ्यायचे आणि ती जिथे जाईल तिथे स्वस्थचित्ताने जायचे. पहिल्या खेपेस आम्ही लव्हाळ्यांत गेलो. दुसऱ्या खेपेस सरोवराच्या मधोमध थांबलो आणि तरंगत्या ओसरीसारख्या एका पाँटून बोटीवरून चाललेल्या कुटुंबाने कणसे भाजता भाजता आम्हांला दोर टाकण्याची तयारी दाखवली. त्यांना असे कसे सांगावे की आम्ही बंद पडलेलो नाही, ठरवून थांबलो आहोत?

जेट पुन्हा ८० वर नेऊन तिथून एकेक पायरी उतरत आलो, तेव्हा रंगांचा खरा प्रश्न उभा राहिला. शिसे नसलेल्या आजच्या पेट्रोलवर प्लगला चढतो तो रंग फार पुसट असतो, आणि माझ्या पुरुषी डोळ्यांना जगात एकूण सहा-सात रंग दिसतात. शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या अंड्यांच्या पुठ्ठ्यात आठही प्लग क्रमवार लावून मी ते भिंगातून न्याहाळत होतो आणि "तपकिरी दिसतोय" असे पुटपुटत होतो, एवढ्यात बायकोने तो पुठ्ठा माझ्या हातातून काढून घेतला. साड्यांच्या दुकानात तीन तास उभी राहून चिंतामणी आणि मोरपंखी यांतला भेद सांगणारी ती स्त्री भिंगाशिवाय म्हणाली, "अहो, याला तपकिरी म्हणत नाहीत. एक, दोन आणि चार बदामी आहेत. तीन जरा चॉकलेटी. पाच, सहा आणि आठ पुन्हा बदामी."

तीन वर्षांत इतके गोड वाक्य मी ऐकले नव्हते. चार जेटांवर ७८ हा आकडा कायमचा कोरून टाकावा, असे मनात येत होते. पाँटूनवरचे कुटुंब अजून दोर हातात घेऊन उभे होते; मी त्यांना आनंदाने हात हलवून निरोप दिला.

"आणि सात?" मी विचारले.

तिने तो प्लग उन्हात धरला, उलटसुलट फिरवला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

"हा मात्र श्रीखंडी आहे हो," ती म्हणाली.

श्रीखंडी म्हणजे जवळजवळ पांढरा, आणि तो एकच सिलिंडर उपाशी होता. मी पुठ्ठ्याचे झाकण लावले आणि पाँटूनवाल्यांना पुन्हा हाक मारली. धक्क्यावर पोहोचून इंजिन निवल्यानंतर, मागच्या बाउलचे चार स्क्रू मी सोडवायला घेतले तेव्हा बायकोने न मागता पिशवीतून एक वाटी काढून माझ्यापुढे धरली. आता घरात दहा आहेत.