‘बँक विचारणारच’ म्हणणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

मागच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया जशीच्या तशी ठेवली आहे. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दत्तक प्रक्रियेच्या खर्चासाठी वैयक्तिक कर्ज मागायला आम्ही दोघं गेलो, तेव्हा तालुक्याच्या एका शाखेत भर हॉलमध्ये आम्हाला विचारलं गेलं, “दोष कुणात आहे?” अशा प्रश्नाला उत्तर देऊ नका, असं मी मागच्या लेखात लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं असं : पैसा ठेवीदारांचा आहे, बँक विचारणारच. ताई, तुम्ही लोकांना माहिती लपवायला शिकवताय. आणि लेकरू आणायलाच ज्यांना कर्ज लागतं, ते त्याला वाढवणार कसं?

शेवटच्या वाक्यापासून सुरू करते, कारण ते वाचून मला रात्री झोप लागली नाही.

दत्तक घेण्याचं सरकारी शुल्क फार नसतं. ‘कारा’नं, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेनं, ते ठरवून दिलेलं आहे. होम स्टडीचे, म्हणजे समाजसेविका घरी येऊन आधी जी पाहणी करते तिचे, ६,००० रुपये, लेकरू घरी येताना संस्थेला संगोपन निधी, आणि पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी समाजसेविका घरी येऊन बघून जाते, त्या प्रत्येक भेटीचे २,००० रुपये. सगळं मिळून लाखाच्या आतलं काम आहे. कर्ज लागतं ते बाकीच्या खर्चापायी. प्रतीक्षायादीत काही वर्षं काढल्यावर एक दिवस लेकराची माहिती येते आणि ४८ तासांत ‘हो’ कळवावं लागतं. संस्था परराज्यातही असू शकते. लातूर-नांदेडकडून तिथवर जाणं, राहणं, तिथल्या बालरोगतज्ज्ञाला कागद दाखवणं आलं. खासगी शाळेत नोकरी असेल तर बिनपगारी रजा आली. शिवाय आमच्यासारख्या पुष्कळ जोडप्यांवर आधीच्या उपचारांचे हप्ते असतात. बायकोच्या पाटल्या तिथंच गेलेल्या असतात. ज्यांचं पीकपाणी पावसावर आहे, त्यांच्याकडे अशा दिवशी रोख रक्कम नसते. मुलीच्या लग्नासाठी आपल्या मराठवाड्यात घरटी कर्ज निघतं. तिथं कुणी म्हणत नाही की लग्नालाच पैसे नाहीत तर संसार कसा होणार.

आता ठेवीदारांच्या पैशाबद्दल. तुमचा हा मुद्दा रास्त आहे आणि मी तो कधी नाकारलेला नाही. पगार किती, आधीचे हप्ते किती, सिबिल कसा आहे, घरात अवलंबून असणारी माणसं किती, नोकरी कायम आहे का, जामीनदार कोण, हे सगळं बँकेनं खोदून खोदून विचारावं. कर्ज कशासाठी हवंय हेही विचारावं. उद्या घरात एक माणूस वाढणार, खर्च वाढणार, हा हिशोबही मांडावा. पण दोष नवऱ्यात की बायकोत, डॉक्टर काय म्हणाले, दिराचं एखादं का घेत नाही, लेकराची जात कशी कळणार, यातल्या कोणत्या उत्तरानं हप्ता भरण्याची ऐपत कमी-जास्त होते? तुम्ही आयुष्यभर कर्जाच्या फायली हाताळल्यात. या उत्तरांसाठी एखादा रकाना तुम्ही फॉर्मवर कधी पाहिलात का?

आणि हे प्रश्न आम्हाला झेपत नाहीत असंही नाही. होम स्टडीला येणारी समाजसेविका यापेक्षा खोलात जाते. लग्न कसं चाललंय, उपचारांचं काय झालं, मूल न होण्याचं दुःख मनात अजून किती आहे, सासू-सासऱ्यांना हे मान्य आहे का, सगळं विचारते. आम्ही दोघांनी आमच्या स्वयंपाकघरात बसून तिला सगळं सांगितलं, रडलोसुद्धा. कारण ती त्या लेकराच्या वतीनं विचारत होती, आणि तिचा अहवाल काराकडे जातो. बँकेतला प्रश्न कुणाच्या वतीनं होता? काउंटरवर पीककर्जाच्या रांगेत आमच्या भावकीतली माणसं उभी होती.

गोष्ट पुढे कशी जाते ते बघा. ‘दत्तकासाठी कर्ज काढलं’ हे वाक्य शाखेतून जामीनदाराकडे, तिथून पारावर पोचतं आणि पारावर त्याचं ‘विकत आणलं’ होतं. संस्थेला दिलेल्या पैशाची पावती असते, दत्तक आदेश जिल्हाधिकारी काढतात. मूल विकणं-विकत घेणं हा तर बाल न्याय कायद्याच्या कलम ८१ खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा गुन्हा आहे. पण पारावर पावती कोण मागतो? उद्या शाळेत कुणी पोरगं माझ्या लेकराला ‘तुला विकत आणलंय’ म्हणालं, तर ते वाक्य शाखेतल्या त्या दुपारी जन्मलेलं असेल. आमच्या लाजेचा प्रश्न नाही, काका. दत्तक आहोत हे लेकराला आम्हीच सांगणार आहोत, त्याला समजेल अशा वयापासून. पण ते आम्ही सांगायचं, बाजारानं नाही.

लपवायला शिकवते, हा आरोप मात्र मला मान्य नाही. घरदुरुस्ती लिहा, आजारपण लिहा, असं मी कुठंही लिहिलेलं नाही आणि कुणी लिहूही नये. खोटं कारण देणं चूकच. अर्जात ‘कौटुंबिक खर्च’ लिहिता येतं, कारण तो खर्च कौटुंबिकच आहे. अधिकाऱ्यानं नेमकं विचारलं तर ‘दत्तक प्रक्रियेचा खर्च’ एवढं खरं सांगावं आणि थांबावं. पुरावा मागितला तर नोंदणीची पोच किंवा शुल्काची पावती दाखवावी. लेकराचा फोटो, त्याचा वैद्यकीय अहवाल, त्याच्या पूर्वेतिहासाचे कागद कुणालाही देऊ नयेत, झेरॉक्सलासुद्धा. ते कागद लेकराचे आहेत.

त्यापुढे प्रश्न आलाच, तर आवाज न चढवता म्हणावं, “साहेब, आत केबिनमध्ये बसू या. आणि याचा परतफेडीशी संबंध काय, ते लिहून द्या.” लिहून द्या म्हटलं की बहुतेक प्रश्न तिथंच विरतात. रिझर्व्ह बँकेनं २०१४ मध्ये ग्राहक हक्कांची सनद काढली, तिच्यात खासगीपणाचा हक्क स्पष्ट दिलेला आहे. कर्ज नाकारलं तर मुख्य कारण लेखी कळवणं बँकेवर बंधनकारक आहे, ते मागावंच. आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. १४४४८ या क्रमांकावर त्याची माहिती मिळते. पतसंस्थेचा अनुभव असेल तर लोकपालाचा उपयोग नाही, तिथं तालुक्याच्या सहकार खात्यातल्या सहायक निबंधकांकडे अर्ज द्यावा लागतो.

तुम्ही असंही विचारलंय की एवढा ताठा दाखवून बँकेनं नाही म्हटलं, तर काय सावकाराकडे जायचं? अजिबात नाही. एलआयसीची जुनी पॉलिसी असेल तर तिच्यावर कर्ज मिळतं, सोनं शिल्लक असेल तर सोनेतारण आहे, नोकरदारांना त्यांची पतपेढी आहे, आणि ज्या बँकेत पगार जमा होतो तिथं कागद कमी लागतात. आम्हाला दुसऱ्या एका शाखेत कर्ज मिळालं. तिथल्या मॅडमनी पगाराची स्लिप बघितली, चालू हप्ते विचारले, “घरात किती जण?” म्हणाल्या. मी म्हटलं, “आत्ता चार, लवकरच पाच.” त्यांनी पाच लिहिलं आणि पुढचा कागद सहीला सरकवला.

तुमच्या हाताखाली शिकलेली कितीतरी माणसं आज वेगवेगळ्या शाखांत कर्जाच्या टेबलावर बसली असतील. त्यांच्याशी तुमचं बोलणं होत असेल, तर या मॅडमचं त्यांना जरूर सांगा.