कोणासाठी लिहिलंय गं हे?

रविवारी सकाळी ताईचा फोन येतो. मिरजेत तिची जेवणं उरकलेली असतात आणि वेल्समधल्या कार्डिफमध्ये माझा पहिला चहा चालू असतो. ताईने आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे पुस्तकांचा विषय निघाला की ती अजून फळ्यासमोरच उभी असते. २०२५च्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी विषय निघाला अरुंधती रॉयच्या 'मदर मेरी कम्स टू मी' या आठवणींच्या पुस्तकाचा. मुखपृष्ठावर विडी ओढतानाचा तिचा तरुणपणीचा फोटो आहे म्हणून कुणीतरी केरळ उच्च न्यायालयात गेलं होतं आणि न्यायालयाने ती याचिका फेटाळली होती.

विडीचं ताईला काही नव्हतं. आमची आजी मिश्री लावायची, तेव्हा तंबाखूचा धसका आमच्या घरात कुणी घेत नाही. तिचा मुद्दा वेगळा होता. "आईबद्दल असं लिहायचं, आणि तेही इंग्रजीत! कोणासाठी लिहिलंय गं हे? तुझ्या त्या गोऱ्या मैत्रिणींसाठीच ना?"

इंग्रजीत लिहिणारा भारतीय लेखक परक्या वाचकाकडे तोंड करून लिहितो, हा आपल्याकडचा जुना आरोप. साहित्य आपल्या मातीतून, आपल्या भाषेतून यावं म्हणणाऱ्या नेमाड्यांच्या देशीवादाने त्याला धार आली. कॉलेजात मी 'कोसला' उशाशी घेऊन झोपायचे आणि जागेपणी पांडुरंग सांगवीकरासारखं बोलायचे (घरच्यांनी हे कसं सोसलं कोण जाणे). त्या वयात हा आरोप मलाही तोंडपाठ होता. तो अगदीच खोटा आहे असं आजही मी म्हणणार नाही. लोणच्याची बरणी आली की मागोमाग ऊन, आजी आणि पाऊस येणारच, अशा कादंबऱ्या असतात. पोळी म्हटलं की लगेच स्वल्पविराम देऊन पोळी म्हणजे काय ते सांगितलेलं असतं.

पण गोऱ्यांना हेच आवडतं असं आपण धरून चालतो, त्याचा मला इथे कधी प्रत्यय आला नाही. आमच्या वाचनालयात महिन्यातून एका मंगळवारी आम्ही नऊ जण एका पुस्तकावर बोलायला बसतो. त्यात एक निवृत्त बसचालक आहेत, एक सोमाली नर्स आहे, साठीनंतर वेल्श शिकायला लागलेल्या एक बाई आहेत. लोणच्याच्या बरणीतली कादंबरी एकदा आम्ही वाचली. सगळे 'छान आहे' म्हणाले आणि वीस मिनिटांत गप्पा बसच्या नव्या वेळापत्रकावर गेल्या.

विवेक शानभागांच्या 'घाचर घोचर'वर मात्र वाचनालय बंद करायला आलेल्या माणसाने दिवे घालवायला सुरुवात केली तरी कुणी उठेना. मूळ कन्नड लघुकादंबरी २०१३ची, श्रीनाथ पेरूर यांचा इंग्रजी अनुवाद दोन वर्षांनी आलेला. शीर्षकाला कन्नडमध्येही अर्थ नाही. नायकाच्या बायकोच्या माहेरी गुंत्यासाठी तयार झालेला तो घरगुती शब्द. अनुवादकाने तो तसाच ठेवला आणि कुणाचंही अडलं नाही. बंगळूरमधलं मुंग्यांनी भरलेलं छोटं घर, मग काकाच्या मसाल्याच्या धंद्याचा पैसा, मोठं घर, आणि त्या काकाला जपण्यासाठी घरातल्या बायकांनी दारात आलेल्या एका बाईला हाकलणं. बसचालक म्हणाले, आमच्या खोऱ्यात खाणीतून पगार आणणाऱ्या माणसाच्या ताटाभोवती सगळं घर असंच फिरायचं. सोमाली नर्स नुसती हसली आणि म्हणाली, माझा मामा. शानभागांनी या दोघांपैकी कुणालाही डोळ्यांपुढे ठेवलं असेल असं मला वाटत नाही, आणि पुस्तक त्यांच्यापर्यंत पोचलं ते त्यामुळेच.

लाज वाटली ती मला, वेगळ्याच कारणाने. मी मिरजेची. कन्नड कानावर पडल्याशिवाय तिथे दिवस जात नाही. आणि कन्नड माणसाचं पुस्तक मी वाचलं इंग्रजीत, कार्डिफमध्ये, सोमाली मैत्रिणीशेजारी बसून. ताईने लगेच उमा कुलकर्णींचं नाव घेतलं आणि ते बरोबरच आहे. भैरप्पांचं 'वंशवृक्ष' आणि 'पर्व' मराठी घरांत पोचलं ते उमाताईंमुळे. पती विरूपाक्षांनी कन्नड वाचून द्यायचं आणि उमाताईंनी ते ऐकून मराठी करायचं, अशी त्या दोघांची रीत. बुकरच्या कुठल्याही गोष्टीपेक्षा मला ही गोष्ट थोर वाटते. पण त्या एका घराने उचललेला भार बाकी कुणी उचलला? २०२५मध्ये बानू मुश्ताक यांच्या कथांना, दीपा भास्ती यांच्या अनुवादासह, आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. त्या हासनच्या. मला त्यांचं नाव त्याआधी माहीत नव्हतं, ताईलाही नव्हतं. हासनहून मिरजेला यायला कथांना लंडनला वळसा घालावा लागला.

'रेत समाधि'चं तर आणखी गमतीचं. २०२२ साली गीतांजली श्री आणि अनुवादक डेझी रॉकवेल यांना ते बक्षीस मिळालं. पन्नास हजार पौंड, दोघींना निम्मेनिम्मे. आपल्याकडे अनुवादकाचं नाव शोधायला चौथं पान उघडावं लागतं, म्हणून ही वाटणी मुद्दाम सांगितली. माझ्या ओळखीच्या किमान सहा मराठी माणसांनी ही कादंबरी इंग्रजीत विकत घेतली. अहो, हिंदी आहे ती! लिपी आपलीच आहे, शाळेत शिकलोय आपण. मी मूळ हिंदी वाचली. पहिली शंभर पानं दमछाक झाली, मग ती ऐंशीची बाई अंथरुणातून उठली आणि मला तिने सोडलं नाही. तरीही पुस्तक शंभरेक पानांनी कमी चाललं असतं, असं माझं मत आहे. २०२५च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला आणि जूनअखेर मागे घेतला गेला, त्या वादात मी सक्तीच्या विरोधात होते, आजही आहे. सहा वर्षांच्या पोरावर भाषा लादू नका म्हणणं आणि आपल्या मर्जीने त्या भाषेतली कादंबरी वाचणं, यांत मला तरी काही भांडण दिसत नाही.

आता 'बलुतं'.

दया पवारांचं हे दलित आत्मकथन १९७८चं. जेरी पिंटो यांचा इंग्रजी अनुवाद आला २०१५ला, म्हणजे सदतीस वर्षांनी. इथल्या दुकानात तो मिळेना, म्हणून मिरजेहून येताना चार प्रती बॅगेत घालून आणल्या आणि आमच्या वाचनमंडळापुढे ठेवल्या. ही बातमी इथल्या मराठी मंडळींत कशी कोण जाणे पोचली. एका गृहस्थांनी मला गणपतीत बाजूला घेतलं. "वहिनी, आपल्या घरातलं यांना कशाला दाखवायचं? आणि आता कुठे राहिलंय ते सगळं?" माणूस चांगला आहे, माझं सामान दोनदा वाहून दिलंय त्यांनी. पण 'आपल्या घरातलं' हा शब्द त्यांनी किती सहज वापरला! दया पवारांनी लिहिलं ते या घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवलेल्यांचं जिणं. ते लिहून झाल्यावर एकदम 'आपल्या घरातलं' झालं, आणि झाकण्यापुरतंच.

'आता कुठे राहिलंय' याचं उत्तर द्यायला मला महाराष्ट्रात जावं लागलं नाही. ब्रिटनमधलंच प्रकरण आहे. बिहारमधल्या आदिवासी समाजातून आणलेल्या एका घरकामगार बाईला इथे ताशी अकरा पेन्स मिळत होते. तिच्या दाव्यात २०१४ साली इथल्या अपील न्यायाधिकरणाने म्हटलं की, जात ही समता कायद्यातल्या वांशिक मुळाच्या व्याख्येत बसू शकते. पुढच्या वर्षी तिला १ लाख ८० हजार पौंडांहून अधिक थकीत वेतन देण्याचा आदेश झाला. कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख करायचा की नाही यावर मात्र वर्षानुवर्षं घोळ चालला आणि २०१८ला सरकारने नको म्हणून सांगितलं. आपल्यातल्या अनेकांना तेव्हा हायसं वाटलं. मी ते समारंभांत ऐकलंय. बॅगेत लोणचं आणि पुस्तकं आणतो तसं आणखीही काही आणतो आपण, आणि त्याला कस्टमवाले हात लावत नाहीत.

सुजाता गिडला यांचं आपल्या दलित कुटुंबाबद्दलचं 'अँट्स अमंग एलिफंट्स' (२०१७) मी 'बलुतं'नंतर पुन्हा वाचलं. त्या न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कंडक्टर. आपल्या घरच्या गोष्टी लाजेच्या नाहीत हे अमेरिकेत आल्यावर, तिथल्या मित्रमैत्रिणींशी बोलताना लक्षात आलं, असं त्या सांगतात. त्या गृहस्थांना हे वाक्य दाखवावं असं फार वाटलं. परक्यांपुढे अब्रू जाते असं ज्यांना वाटतं ते, आणि परक्यांपुढेच पहिल्यांदा ताठ उभं राहता आलं ते, एकाच देशातून आलेले असतात.

'बलुतं'ची सुरुवात आठवा. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकाच माणसाची दोन नावं, एक महारवाड्यातलं आणि एक छापील, समोरासमोर बसलेली. हे बोलता बोलता वेल्श शिकणाऱ्या बाईंनी आर. एस. थॉमस यांचं नाव काढलं. वेल्समधले मोठे कवी, धर्मगुरू. कविता आयुष्यभर इंग्रजीत लिहिली, कारण वेल्श मोठेपणी शिकलेली, तिच्यात कविता होत नव्हती. पण आत्मचरित्र मात्र १९८५ साली हट्टाने वेल्शमध्ये लिहिलं, आणि तेही 'तो' म्हणून, तृतीयपुरुषी. नाव 'नेब'. म्हणजे कोणीच नाही. एकोणिसाव्या शतकात इथल्या काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडाची पाटी अडकवत. २०२१च्या जनगणनेत वेल्श येणारे १७.८ टक्के. त्या बाई म्हणाल्या, आमचा नेब आणि तुमचा दगडू एका बाकावर बसतील.

मला हे ऐकून भरून आलं, आणि दुसऱ्याच मिनिटाला मी नाही म्हटलं. थॉमसना दुभंगलं ते भाषेने, आणि 'मी कोणीच नाही' हे ते स्वतः होऊन म्हणाले. दगडूला ते गावाने सांगितलं होतं. एका बाकावर बसतील खरे, पण दगडूला त्या बाकावर बसू द्यायचं की नाही हे ठरवणारे लोक होते. बाईंनी थोडा वेळ विचार केला, मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. परदेशात आपण गोरे नाही म्हणून कधी कुणी तिरकं बोललं की 'आम्हालाही आता कळलं' म्हणणारे आपले लोक भेटतात. मला ही तुलना सहन होत नाही. कुणी तिरकं बोललं तरी संध्याकाळी मी माझ्या घरी, माझ्या नळाचं पाणी पिते.

ताईला हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "'बलुतं'चं ठीक आहे. ते मराठीत लिहिलंय. आधी आपल्याला सुनावलंय, मग जगाला. रॉयबाईंनी आपल्याला काय सुनावलं?"

इथे ताईचा मुद्दा मला निम्मा पटतो. पण मेरी रॉय कोण होत्या हे तिला माहीत नव्हतं. त्रावणकोरच्या १९१६च्या वारसा कायद्यात सीरियन ख्रिस्ती मुलीला मुलाच्या वाट्याची चौथाई किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते मिळायचं. मेरी रॉय सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ला जिंकल्या. कोट्टायमला शाळा काढली. आणि हीच बाई घरात पोटच्या पोरांना शब्दांनी सोलून काढायची. जग जिला वंदन करतं तिच्याच हाताखाली आपण मोडलो, आणि तरी तिच्याशिवाय आपण उभे राहिलो नसतो, हे लेकीने लिहिलंय. पुस्तकाचा पूर्वार्ध मी एका रात्रीत वाचला. उत्तरार्धात प्रसिद्धी, चळवळी, कोर्टकचेऱ्या आल्या आणि आई मागे सरकली, तिथे माझं लक्ष उडालं. मंडळातल्या बाकी सगळ्यांना तोच भाग आवडला, म्हणजे गोऱ्यांसाठी काय लिहिलंय याचा ताईचा अंदाज अगदीच चुकलेला नाही.

"पण आईबद्दल असं लिहायचं?" ताई मूळपदावर.

मग मी तिला 'आहे मनोहर तरी'ची आठवण करून दिली. १९९०. सुनीताबाईंनी पुलंबद्दल लिहिलं तेव्हा सगळा महाराष्ट्र आपल्याच घरातल्या माणसाबद्दल लिहिल्यासारखा दुखावला होता. तेव्हा इंग्रजीचा संबंध नव्हता, गोऱ्या मैत्रिणी नव्हत्या. कोणासाठी लिहिलं असं कुणी विचारलं नाही, सगळे विचारत होते कशाला लिहिलं. आणि आमच्या घरात त्या पुस्तकाची बाजू घेऊन जेवणाच्या पानावरून उठलेली मुलगी कोण होती?

"तेव्हा मी लहान होते," ताई म्हणाली.

ती तेव्हा चोवीस वर्षांची होती. पुस्तक अजून तिच्या कपाटात आहे, समासात पेन्सिलीने भांडलेलं. पुढच्या महिन्यात मी ऊर्मिला पवारांचं 'आयदान' मंडळापुढे ठेवणार आहे, माया पंडित यांच्या इंग्रजी अनुवादात. ताईला म्हटलं, मूळ मराठी काढून ठेव, तेवढा एक मंगळवार तू फोनवरून बस. साडेपाच तासांचा फरक आहे, मिरजेत मध्यरात्र होईल, असं ती म्हणाली. नाही म्हणाली नाही.