‘हवाबदल’ नावाचा आजार शेळीला होत नाही

गेल्या पावसाळ्यापासून ठाणे, कल्याण, मुरबाडकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो आजवर सात जणांनी पाठवला. दोघांनी ‘काका, हे खरं आहे का?’ असं विचारून, उरलेल्या पाच जणांनी मला शहाणं करायला. मेसेज थोडक्यात असा:

‘नवी शेळी आणली की तीन-चार दिवस खात नाही, नाक गळतं, पातळ हगते. हा हवाबदल आहे, आजार नव्हे. आठवडाभर थांबा, आपोआप रुळते. तोवर मोहरीचं तेल पाजा, गूळ-भात चारा, अंग गरम लागलं तर आपली तापाची अर्धी गोळी द्या. एकटी बांधू नका, हाय खाऊन मरेल. डॉक्टरला बोलावू नका, सुया टोचून पैसे काढतो.’

मी पशुधन पर्यवेक्षक होतो. नोकरीतली बरीचशी वर्षं शहापूर-मुरबाडात गेली, आता कळव्यात असतो. मी डॉक्टर नव्हे, पण शेळीच्या शेपटीखाली थर्मामीटर धरण्यात उमर गेली. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला, न खाण्याचा. मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ हीच, कारण ती अर्धी खरी आहे. टेम्पोत उभी राहून, कुत्र्यांच्या भुंकण्याने बिचकून आलेली शेळी त्या संध्याकाळी चाऱ्याला तोंड लावणार नाही, हे कबूल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसून रवंथ करताना दिसली पाहिजे. शेळीचं पोट म्हणजे आंबवणाचं पिंप. त्यातले जिवाणू चाऱ्यावर जगतात आणि शेळी त्यांच्यावर. चारा थांबला की पिंप थंड पडतं. हे बघायला यंत्र लागत नाही. डाव्या भकाळीत, म्हणजे शेवटची बरगडी आणि कंबरेच्या हाडामधल्या खळग्यात, मूठ दाबून धरा आणि घड्याळ बघा. मिनिटाला एक-दोन वेळा आतून लाट मुठीला लागते. दोन-तीन मिनिटं थांबूनही काही हललं नाही आणि शेळीने चोवीस तासांत रवंथ केला नाही, तर ती रुसलेली नाही, आजारी आहे.

गाभण शेळीच्या बाबतीत तर चोवीस तासही जास्त. ‘दोन देईल बघा’ म्हणून दलाल चढ्या भावाने शेवटच्या महिन्यातली गाभण गळ्यात मारतात. पोटात दोन करडं वाढत असताना आईचं खाणं तुटलं की ती अंगातली चरबी जाळू लागते, त्यातून रक्तात विषार होतो. शेळी सुस्तावते, दात खाते, नजर शून्यात जाते, मग उठत नाही. मेसेज लिहिणाऱ्याच्या हिशेबात हा चौथा दिवस असतो, म्हणजे अजून ‘साहजिक’.

दुसरा मुद्दा हवाबदलाचा. शहापूरची शेळी टिटवाळ्याला आणली तर हवा बदलते ती कुठली? राजस्थानातली सिरोही ऐन जूनमध्ये आपल्याकडे आणली तर गोष्ट वेगळी. कोरड्या मुलखातलं जनावर ओल्या गोठ्यात उभं राहिलं की त्याचे खूर सडतात, छाती भरते. पण तेव्हाही जे होतं त्याला आजारच म्हणतात. प्रवासाच्या, उपासाच्या, नव्या कळपाच्या ताणाने अंगातली प्रतिकारशक्ती खचते आणि घशात एरवी गप्प बसलेले जिवाणू फुफ्फुसात उतरतात. वाहतुकीनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत होणारा न्यूमोनिया बहुतेक असाच येतो. ताण हे आजाराचं दार आहे. दार उघडं दिसतंय म्हणून घरात चोर नाही, असं कोण म्हणतं?

आणि एक चोर असा आहे की तो वेळापत्रक पाळतो. पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी. गाई-म्हशींची बुळकांडी २०११ साली जगातून गेल्याचं जाहीर झालं, तिचं हे भावंड अजून आहे. भारतात त्याची पहिली नोंद १९८७ साली तमिळनाडूत झाली. बाजाराच्या गर्दीत शेजारची शेळी शिंकली की विषाणू अंगात जातो, आणि लक्षणं साधारण चार ते सहा दिवसांनी दिसू लागतात. अंगात १०४ ते १०६ ताप, डोळ्यांना चिपडं, नाकातून आधी पाणी आणि मग घट्ट पिवळा शेंबूड, हिरड्यांवर कोंडा टाकल्यासारखे फोड, तोंडाला घाण वास, पाठोपाठ हगवण आणि धाप. आता हे दिवस मेसेजच्या ‘आठवडाभर थांबा’ला लावून बघा. नेमक्या ज्या दिवसांत धावायला हवं, त्याच दिवसांत मेसेज तुम्हाला बसवून ठेवतो.

या विषाणूवर औषध नाही. डॉक्टर सलाईन लावतात, वर चढणारे जिवाणू प्रतिजैविकाने रोखतात, तोंड धुऊन घेतात, आणि लवकर हाती लागलेली बरीच जनावरं त्यावर वाचतात. लस मात्र उत्तम आहे. एकदा टोचली की निदान तीन वर्षं पुरते, आणि सरकारी मोहिमेत ती फुकट मिळते. पण बाजारातून उतरल्या दिवशी टोचली आणि विषाणू आधीच अंगात असला, तर लसीला काम करायला वेळच मिळत नाही. ‘लस झालीय’ हे दलालाचं वाक्य मी कधी हिशेबात धरलं नाही, तुम्हीही धरू नका.

घोडबंदर रोडला राहणारा एक मुलगा, मुरबाडच्या बाजूला थोडी जागा घेऊन आठवड्यातून तीनदा जाऊन-येऊन शेळ्या पाळतो. जागेवर एक गडी असतो. घरच्या सहा होत्या, बाजारातून दोन पाटी, म्हणजे न व्यालेल्या तरण्या शेळ्या, आणल्या आणि त्याच दाव्याला बांधल्या. पाचव्या दिवशी एकीचं नाक वाहू लागलं. त्याला हाच मेसेज सापडला. मला फोन आला तो नवव्या दिवशी, ‘काका, आता घरच्याही खोकतायत’ म्हणून. आठातल्या चार गेल्या. पोरगा हुशार आहे, इंजिनिअर आहे. त्याच्या घरात लेंडी बघून ‘हिचं काहीतरी बिनसलंय’ म्हणणारी आजी नव्हती, एवढंच.

तेलाचं बघू. घाबरलेल्या शेळीचं तोंड वर धरून बाटलीने तेल ओतलं की ते पोटात जाईल याची खात्री नाही. ठसका लागला की फुफ्फुसात जातं आणि तिथून ते परत येत नाही. पोटफुगीत डॉक्टर तेल देतात हे खरं, पण मान आडवी ठेवून, थोडं थोडं, आणि फुगलंय ते कशाने हे बघून. बोकडाचं तर आणखीच वेगळं. खच्ची केलेला, धान्यावर पोसलेला बोकड कुंथतोय, शेपटी हलवतोय, ओरडतोय, मागचे पाय ताणून उभा राहतोय, तर लोक बद्धकोष्ठ समजून तेल पाजतात. त्याच्या मूत्रनळीत खडा अडकलेला असतो. लघवी तुंबून एक-दोन दिवसांत फुकणा, म्हणजे लघवीची पिशवी, फुटतो. तो मुततो की नाही एवढं दहा मिनिटं उभं राहून बघितलं असतं तर कळलं असतं.

गूळ-भाताबद्दल फार लिहायची गरज नाही. शिळ्या चपात्या, भात, गव्हाचं पीठ एकदम पोटात गेलं की ते आंबून आम्ल होतं आणि शेळी एका रात्रीत आडवी होते. शिवाय खुराक अचानक वाढला की आंत्रविषाराचे जंतू आतड्यात माजतात. संध्याकाळी उड्या मारणारं करडू सकाळी ताठ झालेलं सापडतं आणि लोक साप शोधत बसतात. नव्या शेळीला पहिले दिवस सुका चारा, ओळखीचा पाला आणि स्वच्छ पाणी. विकणाऱ्याला तो काय चारत होता हे विचारून घ्यावं, जमल्यास त्याच्याकडचाच भाराभर चारा सोबत आणावा.

तापाची गोळी. आधी ताप आहे का ते तरी बघा. शेळीचं नेहमीचंच तापमान १०१.५ ते १०३.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्या हाताला ती कायम तापलेलीच लागणार. उन्हात उभी असेल तर आणखी थोडं चढतं, म्हणून सकाळी सावलीत मोजायचं. केमिस्टकडचा साधा डिजिटल थर्मामीटर चालतो, फक्त तो नंतर घरात परत नेऊ नये. आपल्या काही गोळ्यांत पॅरासिटामॉलच्या जोडीला डायक्लोफेनॅक नाहीतर असिक्लोफेनॅक असतं. ही औषधं दिलेल्या जनावराचं मढं खाऊन गिधाडं मरतात म्हणून जनावरांसाठी पहिल्यावर २००६ साली आणि दुसऱ्यावर २०२३ साली बंदी आली.

‘एकटी बांधू नका’ हे मात्र मी पुरतं खोडणार नाही. शेळी कळपाचं जनावर आहे. एकटी ठेवली तर ओरडून घसा बसवते, खाणं सोडते. म्हणून घ्यायच्या तर दोन घ्या, आणि त्या दोघींना मिळून २१ दिवस वेगळ्या गोठ्यात ठेवा. घरच्यांचा आवाज कानावर पडेल पण श्वास लागणार नाही, इतक्या अंतरावर. बादली वेगळी, गव्हाण वेगळी. आधी घरच्यांचं आवरायचं, नव्यांकडे शेवटी जायचं, येताना चपला बदलायच्या आणि हात धुवायचे. ओठांवर खपल्या दिसल्या तर उघड्या हाताने चोळू नका. तो मावा नावाचा आजार असेल तर आपल्या बोटांनाही होतो.

राहिला पैसे काढणारा डॉक्टर. जनावरांच्या सरकारी दवाखान्याचा १९६२ हा नंबर फुकट लागतो. फोनवर ‘शेळी बरी नाही’ एवढंच सांगू नका. कुठून, कधी आणली, सकाळचं तापमान किती, शेवटचा रवंथ कधी दिसला, लेंड्या कशा आहेत, गाभण आहे का, मुततेय का, हे सांगा. पलीकडचा माणूस त्यावरून ठरवतो की आज निघायचं की उद्या.

घोडबंदरच्या मुलाने यंदा पुन्हा दोन पाटी आणल्या. रोज सकाळी मला आकडे येतात: १०२.४, १०२.१, रवंथ चालू, लेंड्या गोळ्या-गोळ्या. गडी जागेवरून मोजतो, हा ठाण्यात बसून मला पाठवतो. काल विसावा दिवस होता. ‘काका, आज सोडू का घरच्यांत?’ म्हणाला. मी म्हटलं, उद्या.