कॅथरीनला नावं ठेवण्याआधी

एमिली ब्राँटेच्या 'वदरिंग हाइट्स' या कादंबरीचा विषय निघाला की आमच्या कट्ट्यावर निकाल ठरलेलाच: कॅथरीन पैशाला भुलली, लहानपणच्या हीथक्लिफला सोडून श्रीमंत एडगरशी लग्न केलं. परवा भर मे महिन्यात कूलरसमोर बसून ती पुन्हा वाचली, अन् हा निकाल मला साफ नामंजूर आहे.

कादंबरी १८४७ ची. यॉर्कशायरच्या माळरानावर दोन घरं, मध्ये चार मैल. एक कॅथरीनचं, उंचावरचं, वाऱ्यानं झोडपलेलं, जाड भिंतींत अरुंद खिडक्या. दुसरं एडगरचं, खाली खोऱ्यात, लाल गालिच्यांचं, सोनेरी काठाच्या छताचं. बारा वर्षांची कॅथरीन खालच्या घरात चोरून डोकवायला जाते, कुत्रा तिचा घोटा धरतो अन् तिचा पाच आठवडे तिथंच मुक्काम पडतो. परतल्यावर ती, तिच्याच घरात वाढलेल्या अनाथ हीथक्लिफला मिठी मारते, पटापट मुके घेते, मग त्याच्या काळवंडलेल्या तोंडाला हसते. त्याचा हात धरते अन् लगेच स्वतःच्या झग्याकडे बघते, डाग तर नाही पडला? यात पैशाचा हिशेब कुठाय? लग्नाचं तर अजून नावही नाही!

मला हे कळतं, कारण मी ते केलंय. अकराव्या वर्षी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यातून सिव्हिल लाइन्सला मावशीच्या सरकारी बंगल्यात पंधरा दिवस राहिलो. परतल्यावर आईनं तर्रीपोहे पुढं ठेवले, तर मी नाक मुरडून चमचा मागितला. "काऊन बे, हात गळाले का तुझे?" आई म्हणाली. मोरीचा वास मला त्याच दिवशी पहिल्यांदा आला. मोरी तीच होती हो!

उलटा प्रवास इझाबेलाचा. खालच्या घरात लाडात वाढलेली ही एडगरची बहीण हीथक्लिफशी लग्न करून वर येते. पहिल्याच संध्याकाळी कॅथरीनचा भाऊ हिंडली तिला सुरी जोडलेलं पिस्तूल दाखवतो. तिनं किंचाळायला हवं. ती ते त्याच्या हातातून घेते, पात्याला बोट लावून बघते अन् तिच्या मनात येतं, हे आपल्याकडे असतं तर! माझ्या मते सगळ्या पुस्तकात याहून भयंकर जागा नाही. तिच्याबद्दल मात्र कट्ट्यावर कोणी चकार शब्द काढत नाही.

घरकाम बघणारी नेली डीन तेवढी दोन्ही घरांत बरीचशी तीच राहते. तिला इथंही काम, तिथंही काम. आमची आईसुद्धा मावशीच्या बंगल्यावर गेली की पाच मिनिटांत पदर खोचून ओट्याशी उभी असायची.