मुलांना खेळापासून कसे वाचवावे?

आपल्या पाल्याने आयुष्यात काही भरीव करून दाखवावे अशी तळमळ बाळगणाऱ्या सोलापूरकर पालकांनी सर्वप्रथम संध्याकाळी पाच ते सात या वेळेचा कडेकोट बंदोबस्त करावा, कारण मुले बिघडतात ती याच वेळात. या कामी आपल्या शहराच्या हवामानाची मोठी मदत होते. मार्चपासून पारा चाळिशीकडे सरकू लागतो, तेव्हा ‘ऊन लागेल’ हे कारण मेअखेरपर्यंत बिनदिक्कत पुरते. पुढे पावसाळ्यात चिखल, हिवाळ्यात सर्दी आणि उरलेल्या दिवसांत घटक चाचणी. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या वेळी मात्र होम मैदानावर नेऊन मुलाला एकदा पाळण्यात बसवावे आणि वर्षभराच्या खेळाचा हिशेब तिथेच चुकता झाला असे समजावे.

काही चिकित्सक मंडळी आपल्याला १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचा दाखला देतील. तिच्या ३१ व्या कलमात विश्रांती आणि खेळ हा मुलांचा हक्क मानला आहे आणि १९९२ मध्ये भारतानेही ती संहिता स्वीकारली आहे, हे खरेच. परंतु हक्क हे नागरिकशास्त्राच्या पेपरात लिहिण्यासाठी असतात, ते घरात आणायचे नसतात. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे चांगली दमवणारी हालचाल करावी असे सांगते. दप्तर पाठीवर घेऊन शिकवणीच्या तिसऱ्या मजल्यावर चढणारे मूल पुरेसे दमलेले असते, हे त्या संघटनेला कोणी कळवलेले दिसत नाही. घराबाहेरच्या उजेडात अधिक वेळ घालवणाऱ्या मुलांना लांबचे न दिसण्याचा चष्मा लागण्याची शक्यता कमी असते, असे नेत्रतज्ज्ञ म्हणतात. पण चष्म्यामुळे मूल अभ्यासू दिसते, हा लाभ त्यांनी हिशेबात धरलेला नाही.

खरा धोका निराळाच आहे. मोठ्यांच्या देखरेखीवाचून पाच-सहा मुले लगोरी किंवा लपंडाव मांडतात, तेव्हा भिडू कसे वाटायचे, राज्य कोणावर, ‘टाइमप्लीज’ कितीदा चालेल, याचा निवाडा ती आपसांत करतात. भांडतात, रुसतात, ‘रडीचा डाव’ म्हणून एकमेकांना हिणवतात आणि डाव मोडू नये म्हणून पुन्हा समेटही करतात. सर्वांत चिंताजनक प्रथा म्हणजे लिंबूटिंबू. ज्याला धड पळताही येत नाही अशा चार वर्षांच्या भावंडाला खेळात घ्यायचे, त्याला पळू द्यायचे, बाद मात्र करायचे नाही, हा नियम कोणत्याही शिक्षकाने न शिकवता मुले पाळतात. दुबळ्याला सामावून घेण्याची ही सवय वेळीच मोडली नाही, तर पुढे गुणवत्ता यादीसाठी लागणारा निर्दयपणा मुलात येणार तरी कुठून? (प्रस्तुत लेखकाने लिंबूटिंबू म्हणून बराच काळ काढलेला आहे, परिणाम आपल्यासमोर आहेच.)

शहराच्या पूर्व भागात राहणाऱ्यांनी तर विशेष सावध असावे. तिथे मराठी घरातले पोर गोट्या खेळता खेळता शेजारच्या मुलाकडून तेलुगू उचलते, आणि मित्र वाढले की त्यात कन्नड व उर्दूचीही भर पडते. ज्या भाषेची फी भरली नाही, जिची परीक्षा नाही आणि जिचे प्रमाणपत्र भिंतीवर लावता येत नाही, ती मुलाच्या तोंडी आलीच कशी, असा जाब पालकांनी त्याला विचारावा.

मूल फारच हट्ट करू लागले, तर खेळावर पूर्ण बंदी घालण्याऐवजी त्याला क्रीडा शिबिरात घालावे. तिथे गणवेश असतो, शिट्टी असते, मांडवाखाली खुर्च्यांवर बसलेले पालक असतात आणि कोणी कधी पळायचे हे प्रशिक्षक ठरवतात, त्यामुळे मुलाला स्वतः काही ठरवण्याचा त्रास पडत नाही. तरीही सुट्टीच्या एखाद्या दुपारी ते ‘कंटाळा आला’ म्हणाले, तर क्षणाचाही विलंब न लावता त्याच्या हाती मोबाइल द्यावा. कंटाळलेले मूल मोकळे सोडले, की काड्यापेट्यांची आगगाडी करते आणि घरातल्या सोलापुरी चादरींचा तंबू ठोकते.

इतकी दक्षता घेतल्यावर मूल यथावकाश पुण्यात मोठ्या पगारावर रुजू होईल. सहकाऱ्यांशी त्याचे जमत नाही आणि हार पचवता येत नाही, असे वरिष्ठांच्या लक्षात आले, की कंपनी स्वखर्चाने त्याला एखाद्या रिसॉर्टवर नेईल आणि तिथे एक तज्ज्ञ गळ्यात शिट्टी अडकवून, भरघोस मानधन घेऊन, तिशीतल्या इंजिनिअरांना लंगडी घालायला शिकवील.