‘दीड लिटरची बॅग, आणि अर्ध्या लिटरची बाटली मावत नाही!’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही दोन तारे देऊन थांबला नाहीत, नीट लिहिलंत. म्हणून उत्तरही नीट देतो. इतर वाचणाऱ्यांसाठी, आमच्या एका खांद्यावरून तिरक्या अडकवायच्या लहान बॅगेबद्दलच्या तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा: बाटली मावत नाही, संध्याकाळपर्यंत खांदा भरून येतो, पावसात आतलं सामान ओलं झालं, बॅग पाठीवरून पुढे ओढताना चष्मा खाली पडला (‘डावखुऱ्यांचा विचारच केलेला नाही’), आणि मित्रांनी ‘वहिनींची पर्स घेऊन आलास का?’ म्हणत टर उडवली. शेवटी सल्ला, ‘मोठी करा.’

मोठी करणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

बाटलीपासून सुरू करू. ही बॅग आतून 22 सेंमी लांब, 14 सेंमी उंच आणि 5 सेंमी जाड आहे. गुणाकार केला की 1,540 घन सेंमी, म्हणजे दीड लिटर. आकडा खरा आहे, पण तो बॅगेत वाळू भरणाऱ्याच्या कामाचा. आपल्या वस्तू टणक असतात, त्या स्वतःचा आकार सोडत नाहीत. अर्ध्या लिटरच्या साध्या प्लास्टिक बाटलीचा व्यास साडेसहा सेंमीच्या आसपास असतो, स्टीलची असेल तर सात. पाच सेंमी जाडीत सात सेंमीची वस्तू कोंबली की दोनपैकी एक होतं: चेन लागत नाही, किंवा लागते आणि काही महिन्यांत दात सोडते. लिटर बघून लहान बॅग घेऊच नये असं माझं मत आहे. माहितीच्या तक्त्यात लांबी, उंची, जाडी वेगवेगळी लिहिलेली असते, त्यातली जाडी आधी बघायची. माणसं नेमकी तीच सोडून लांबी बघतात.

रोज जे न्यायचं ते सगळं टेबलावर मांडा. सगळ्यात जाड वस्तू कोणती ते बघा आणि तिच्यावर पट्टी लावा. फोन कव्हरसकट मोजा, कारण जाड कव्हर घातलं की फोन चांगलाच फुगतो. मग सगळं एकमेकांवर न रचता शेजारी शेजारी ठेवून बघा, आणि थोडी जागा मोकळी राहील अशीच बॅग घ्या. ठासून भरलेल्या लहान बॅगेतून पाकीट काढायला चार वस्तू आधी बाहेर काढाव्या लागत असतील, तर त्यापेक्षा खिसा बरा. आमच्या बॅगेत ए-फाइव्ह वहीसुद्धा जात नाही, हे मीच सांगतो. ती 14.8 × 21 सेंमी असते आणि आमची उंची 14. ज्याला वही लागते त्याने ही बॅग घेऊ नये.

आता खांदा. तुम्ही यादी दिली आहे म्हणून हिशेब करता आला. फोन साधारण 200 ग्रॅम, पॉवर बँक तेवढीच, चष्मा घरासकट सव्वाशे-दीडशे, पाकीट आणि किल्ल्यांचा जुडगा मिळून 200, घडीची छत्री 300, आणि तुम्ही हातात धरून किंवा कशीबशी कोंबून नेता ती भरलेली स्टीलची बाटली 700 ते 800. बेरीज पावणेदोन किलोच्या आसपास जाते, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भार फक्त छत्री आणि बाटली या दोघींचा. पाठीच्या सॅकला दोन पट्टे असतात, इथे एकच, तोही 25 मिलिमीटर रुंद. एवढा पट्टा किलोभरापर्यंत जाणवत नाही; त्यापुढे तो रुतायला लागतो. अडीचऐवजी चार सेंमीचा पट्टा लावला असता तर वजन जास्त जागेत विभागलं गेलं असतं, हे खरं. पण मग पट्टा मोठा दिसतो म्हणून लोक बॅगही मोठी मागतात, आणि मोठ्या बॅगेत लोक आणखी सामान भरतात. रिकामी जागा दिसली की ती भरायची, हा माणसाचा स्वभाव आहे. मोठी न करण्याचं खरं कारण हेच.

एक गोष्ट मात्र करून बघा. फोटोत तुमची बॅग मांडीपर्यंत लोंबते आहे. पट्टा आखडा, बॅग बरगड्यांच्या खालच्या कडेला टेकू द्या. लोंबती बॅग प्रत्येक पावलाला हेलकावे खाते आणि खांद्याला तेवढे हिसके बसतात.

चष्म्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण हा प्रश्न आम्हाला वरचेवर येतो आणि उत्तर तुमच्या बॅगेवरच आहे. पट्टा डाव्या खांद्यावर असेल तर बॅग पाठीवरून उजव्या हाताखालून पुढे येते. येताना तिची टोकं उलटतात. पाठीवर असताना जे टोक खाली, कमरेकडे होतं, ते छातीवर आल्यावर वर, खांद्याकडे जातं. विश्वास बसत नसेल तर एका टोकाला दोरा बांधून आरशासमोर फिरवून बघा. म्हणजे चेनचा जो भाग छातीवर असताना वर आणि सुरक्षित असतो, तोच पाठीवर तळाशी असतो. अर्धवट उघडी चेन ठेवून बॅग मागे ढकलली की वस्तू घरंगळणारच, मग माणूस डावखुरा असो की उजवा.

पट्टा उजव्या खांद्यावर घेतला की सगळं आरशातल्यासारखं उलट होतं. बॅग डाव्या हाताखालून येते आणि छातीवर वर येणारं टोक बदलतं. एकच रनर (चेन उघडायची सरकती कडी) असलेल्या बॅगेत इथेच गोची होते: चेन खालच्या टोकापासून उघडायला लागते आणि हात घालायच्या आधी सामान बाहेर येतं. अशी बॅग खरोखरच एका खांद्याची असते. दुकानात घेताना ती दोन्ही खांद्यांवर घालून, पुढे ओढून, चेन उघडून बघावी. आमच्या बॅगेला म्हणूनच दोन रनर आहेत. बॅग छातीवर घ्या, दोन्ही रनर वरच्या टोकाला नेऊन एकमेकांना भिडवा, आणि तिथूनच खाली, हवी तेवढीच चेन उघडा. तुमच्या फोटोत दोन्ही रनर खालच्या टोकाला आहेत. ते वर नेलेत की डावखुऱ्या माणसालाही बॅग तितकीच सोयीची. एवढं करूनही चष्मा घराशिवाय नुसता ठेवू नका. आतला जाळीचा कप्पा चष्म्यासाठी नाही, केबलसाठी आहे.

पाऊस. कापड 420 डेनियर नायलॉनचं आहे (9,000 मीटर धाग्याचं वजन 420 ग्रॅम, एवढाच या आकड्याचा अर्थ) आणि आतून त्याला पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचा, थर आहे. कापडातून पाणी सहजी येत नाही. येतं ते शिलाईतून, कारण सुईचं प्रत्येक भोक म्हणजे एक दार, आणि चेनमधून. पाणी अजिबात आत येऊ द्यायचं नसेल तर शिलाईवर आतून टेप चिकटवावी लागते किंवा शिलाईऐवजी कापड उष्णतेने जोडावं लागतं, आणि तोंड गुंडाळून बंद करावं लागतं. तशा बॅगा मिळतात. पण दर वेळी फोन काढताना तोंड उलगडत बसायचं, हे रोजच्या वापराला कटकटीचं. आमच्या लेबलवर ‘शिंतोड्यांपासून बचाव’ एवढंच छापलं आहे. धो-धो पावसात अर्धा तास उभं राहायचं असेल तर फोन आणि पाकीट आत एका साध्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला. बॅग भिजली तर सगळे कप्पे उघडून सावलीत वाळवा. ओली बॅग कपाटात कोंडून ठेवली की आतला थर दमटपणाने हळूहळू चिकट होतो आणि पापुद्रे सुटतात. वॉशिंग मशीनला तर हातही लावू देऊ नका.

चामड्याची का नाही, असंही तुम्ही जाता जाता विचारलंत. अस्सल चामडं जड असतं आणि पाण्याने डाग धरतं. नकली, म्हणजे आपलं रेक्झिन, घड्यांवर सोलवटतं.

राहिले मित्र. त्यांना सांगा, 1991 मध्ये आल्प्सच्या बर्फात सुमारे 5,300 वर्षांपूर्वीचा एक पुरुष सापडला, त्याला ‘ओट्झी’ म्हणतात. त्याच्या कमरपट्ट्याला चामड्याची छोटी थैली शिवलेली होती. आत गारगोटीची हत्यारं, हाडाची टोचणी आणि आग पेटवायला लागणारी वाळकी अळंबी. त्याला कोणी वहिनींची पर्स म्हणाल्याची नोंद नाही. कपड्याला आतून शिवलेले खिसे फार नंतरचे. त्याआधी पुरुष थैल्या अडकवूनच फिरत होते. आणि आजचे खिसे फोन, पाकीट, किल्ल्या असं सगळं भरून चालण्यासाठी शिवलेले नसतात. बसलं की मांडीवर रुततं ते रुततंच.

तुमच्यापुरतं बोलायचं तर बाटली रोज न्यायची असेल, आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून ती लागतेच, तर ही बॅग तुमची नाही. तीन-चार लिटरची, बाटलीचा कप्पा बाहेरच्या बाजूला असलेली आणि पट्टा निदान साडेतीन-चार सेंमी रुंद असलेली बघा, आमच्याकडे किंवा कुठेही. बाहेरचा कप्पा यासाठी की गार बाटलीला घाम सुटतो आणि फोनशेजारी तो नको. बाटली हातात चालत असेल तर मात्र पट्टा आखडून, रनर वर घेऊन आठवडाभर वापरून बघा. बदलून घ्यायची असल्यास मुदत अजून शिल्लक आहे, वापरलेली असली तरी घेऊ. पाठवण्याआधी पाठीकडच्या चोरकप्प्यात एकदा हात घालून बघा. आम्हाला परत आलेल्या बॅगांत घराच्या किल्ल्या तिथेच सापडतात.